बियाची की काडीची?

"बियाची!"

"काडीची!"

"बियाची म्हणते ना मी, तात्या! किती येळा सांगू?"

"हजार येळा सांग. हजार येळा खोटं. हे पान बघ. हे माझ्या भोकरीचं पान नाय, तर काय तुझ्या माहेरच्या कारल्याचं हाय?"

चिमाजी तात्यांनी वेलीचं पान तोडून कुसाबाईच्या नाकासमोर धरलं. कुसाबाईनं पानाकडे बघितलं नाही. तात्यांच्या बोटांकडे बघितलं. दुसऱ्याच्या दारातलं पान तोडताना या माणसाला विचारावंसं वाटलं नाही, आणि चोर कोण म्हणे, तर आम्ही!

"आईचं तोंड लेकीला यायचंच," ती म्हणाली. "द्राक्ष तुमच्या बागेतलं नव्हं, असं मी कधी म्हणलं? पण बी रुजलं माझ्या दारात."

"आणि बी आणलं कुणी?"

"पोपटानं."

कुंपणापलीकडे रंगूबाई शेंगा फोडत बसली होती. ती एवढ्या जोरात हसली की तिच्या सुपातल्या शेंगा सांडल्या.

"हसा," कुसाबाई म्हणाली. "पोपटानं अर्धा घड दारात टाकला, त्यातला दाणा माझ्या मालकानं पुरला. त्यांनी सांगितलं तेच मी सांगते."

"तुझ्या दादल्यानं, वाळूनं!" तात्यांनी काठी जमिनीवर आपटली. "वाळूनं तर हत्तीवर बसलो व्हतो असंबी सांगितलं व्हतं. ऐक कुसे. दोन वरसं हिला फुलोरा आला न् गळाला. यंदा तिसरी खेप. यंदा घड धरू दे. दाणा भोकरीचा निघाला, तर ही वेल मुळासकट उपटीन. मारुतीच्या पारावर उभं करून तुझ्याच तोंडून वदवून घेईन, माझा दादला काडीचोर व्हता म्हणून. आणि गंगापूरपासून मखमलाबादेपर्यंत एका बागेत तुला काडीला हात लावू देणार नाय."

"आणि भोकरीचा नाय निघाला तर?"

तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. हा विचार त्यांनी केलेलाच नव्हता.

"तर बघू," ते म्हणाले. "शनिवारी शेतकी खात्याचे साहेब पुण्याहून माझी बाग बघाया येत्यात. तुझ्या दारात घेऊन येतो त्यांना. रंगू, ध्यान ठिव गं या वेलीवर. पाखरू बसलं तरी मला कळलं पाहिजे."

"ठिवते की!" रंगूबाई म्हणाली. एवढं महत्त्वाचं काम तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे छत्तीस सालच्या कार्तिकातली. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. नाशकाहून गंगापूरला जाणाऱ्या वाटेवर तेव्हा द्राक्षांच्या बागा होत्या. पांगाऱ्याच्या झाडांवर वेली चढवलेल्या, आणि त्यांत चिमाजी तात्यांची भोकरी म्हणजे सगळ्या वाटेचा दिमाख. भोकराच्या फळासारखा गोल, पिवळट दाणा, म्हणून नाव भोकरी. तात्या घड विकत. काडी मात्र सख्ख्या मेहुण्यालाही देत नसत. कारण उघड होतं. भोकरीचा घड खाऊन संपतो. पण भोकरीची वीतभर काडी, दोन डोळे म्हणजे कोंबाच्या गाठी असलेली, कुणाच्या दारात मातीत खोवली की तिसऱ्या वर्षी तिथेच भोकरी! मग तात्यांच्या बागेला विचारतो कोण?

म्हणून छाटणीच्या दिवसांत तात्यांच्या बागेत राखणीऐवजी पहारा असे. निजामभाई कात्री चालवी, मागून कुसाबाई आणि आणखी चारपाच बाया छाटलेल्या काड्या वेचत. भारे बांधायचे, तात्यांसमोर ढीग करायचा, तात्यांनी तो पेटवायचा आणि राख होईपर्यंत जागचं हलायचं नाही. एवढ्यानं संपत नसे. बाग सोडताना प्रत्येक बाईनं अंबाडा सोडून झटकून दाखवायचा. कधीकाळी कुणी एकीनं दोन डोळ्यांची काडी आकड्यासारखी केसांत खुपसून नेली होती म्हणे. तिचं नाव कुणाला आठवत नव्हतं, पण तिच्यापायी वीस वर्षं सगळ्यांचे अंबाडे सुटत होते. कुसाबाईनंही वीस वर्षं सोडला. मान खाली, केस पुढे, दोन झटके, आणि तात्यांच्या आईचं "हूं, जा" ऐकायचं. पहिल्या वर्षी ती रडली होती. नंतर नंतर हात आपोआप मागे जायचा.

बाप्यांची पागोटी मात्र कुणी कधी सोडायला लावली नाहीत.

हेच तर कुसाबाईच्या मनात रुतून बसलं होतं.

तिचा नवरा वाळू त्याच बागेत मोट हाकायचा, डोक्याला पागोटं बांधून. हसरा गडी, आणि दहा बोलांतले सहा बोल खोटे. मी समुद्र बघितला. त्र्यंबकच्या सिंहस्थात हत्तीवर बसलो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यानं तिला चांदीची जोडवी आणली आणि सांगितलं, "गोदागंगेच्या डोहातून एका शेटजीला वाचवला, त्यानं दिली." पंधरा दिवसांनी कळलं की घरचं करडू विकलं होतं. "मग तसं सांगायचं की!" ती म्हणाली. वाळू म्हणाला, "करडू विकलं म्हणलं असतं, तर तू पायात घातली असती काय?" त्याच्या खोट्यानं कधी कुणाच्या पोटावर पाय आला नाही, म्हणून गाव त्याला खोटारडा म्हणत नसे; गोष्टीवेल्हाळ म्हणे. पण खोटं ते खोटंच, आणि ते रोज ऐकणाऱ्या बायकोचा कान फार तिखट होतो.

पाच वर्षांमागची गोष्ट. चैत्राचा महिना. बागेत शेवटचे घड उतरले होते आणि खरड छाटणी चालू होती. म्हणजे, बघा, द्राक्षाचा दाणाही हाताशी होता आणि काडीही. कुसाबाई माहेरी वणीकडे गेलेली. सप्तशृंगीची जत्रा होती, धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं. दीड महिन्यानं परत आली, तर दाराशी फुटक्या रांजणात चार पानांची वेल.

"हे काय?"

"द्राक्ष. पोपटानं घड टाकला, दाणा पुरला, रुजला."

"पोपटानं?"

"आईच्यान पोपटानं. हिरवागार व्हता."

जसा काही पोपट तांबडाही असतो! कुसाबाई हसली होती तेव्हा. पण मग तिनं रांजणात वाकून बघितलं. बी रुजतं तेव्हा आधी दोन चिमुकली दळं येतात, ती तिला दिसायला हवी होती. ती गळून गेली असतील, की नव्हतीच कधी? काडी असेल तर मातीखाली दोन डोळे असणार. उकरून बघावं का? तिनं बोट मातीला लावलं आणि काढून घेतलं. वाळू समोर बसून तंबाखू मळत होता, तिच्याकडे बघत होता.

दोन वर्षांनी श्रावणात हिवतापानं वाळू गेला. शेवटच्या दिवशी तापात त्यानं डोळे उघडले. म्हणाला, "कुसे, ती बियाची हाय हं."

"हूं," कुसाबाई म्हणाली.

नुसतं हूं. तात्यांच्या आईसारखं.

पुढच्या वर्षी वेल दारच्या पांगाऱ्यावर आणि त्याला टेकवलेल्या बुटक्या मांडवावर चढली आणि तिला फुलोरा आला. बाजरीच्या दाण्याएवढ्या हिरव्या मण्यांचे घोस. निजामभाईनं गावभर सांगितलं, तात्यांनी ऐकलं आणि भांडण सुरू झालं. कुसाबाई चारचौघांत हात नाचवून ओरडली, "बियाची हाय, बियाची!" आणि त्याच दुपारी, गाव जेवून आडवं झाल्यावर, ती वेलीखाली उभी राहिली. हे मणी फुगले, गोल झाले, पिवळट झाले तर? तर मेलेला माणूस पारावर चोर ठरणार. त्याला पोपटाची गोष्ट पुन्हा सांगायला तरी येणार होतं का?

तिनं चिमटीत पहिला घोस धरला आणि देठातून खुडला. मग दुसरा. मग सगळे. चुलीत टाकले.

गाव म्हणालं, फुलोरा गळाला. दुसऱ्या वर्षीही गळाला. गाव म्हणालं, वांझ वेल. कुसाबाईनं म्हणू दिलं. वांझ तर वांझ, चोरटी तर नाही ना!

आता तिसरं वर्ष, आणि रंगूबाईचा पहारा.

रंगूबाईनं पहारा अगदी मनावर घेतला. दळण निवडायचं तर कुंपणापाशी, नातीची वेणी घालायची तर कुंपणापाशी.

"कुसा, गोधडी गं कशाला वाळत घालतीस वेलीवर? दोरी हाय की."

"दोरी कुजली."

"काल तर लुगडं वाळत व्हतं तिच्यावर."

"कालच कुजली."

गोधडी वेलीच्या मांडवावर पडली की कुसाबाई तिच्या सुरकुत्या काढायला हात खाली घालायची. वरून दिसायचं, बाई गोधडी ताणतेय. गोधडीखाली अंगठ्याचं नख देठावर बसायचं. खुट्. घोस ओच्यात. दिवसाला दोन, दिवसाला तीन. चार दिवसांत अंगठा हिरवा पडला, मग काळा. तिनं चिंचेनं घासला, राखेनं घासला. जाईना.

गुरुवारी निजामभाई आला. साठीचा माणूस, कात्री धरून धरून उजवा हात डाव्यापेक्षा जाड झालेला. त्याचा बाप, आजा सगळे द्राक्षवालेच. कुसाबाईची वेल तोच फुकट छाटून द्यायचा, वाळूच्या दोस्तीखातर. तो वेलीखाली उभा राहिला आणि बोडके देठ एकेक करून बोटांत धरून बघू लागला.

"कुसाबाई, तुमच्या वेलीला पाखरं लय लागत्यात काय?"

"लागत असतील."

"पाखरू चोचीनं ओढतं, तर देठ फाटतो. हे देठ फाटलेले न्हाईत. साफ खुडलेले हायेत."

"वाऱ्यानं झालं आसंल."

"वाऱ्याला नखं असत्यात?"

कुसाबाईनं हात पदराखाली घेतला. आता हा माझ्याकडे बघणार, आता म्हणणार. पण निजामभाईनं मान वळवली ती कुंपणाकडे. आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मला रंगूचा वहीम हाय."

कुसाबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"दिसभर ती इथंच बसती ना? राखणीच्या नावाखाली. तुमच्या दारात द्राक्ष लगडावं, हे तिच्यानं बघवतंय थोडंच! काय?"

इथे कुसाबाईनं म्हणायला हवं होतं, नाही हो निजामभाई, रंगूचं तोंड मोठं, पण हात सरळ. वाळूच्या तापात तिनंच तर आठ दिवस पेज करून आणली होती. कुसाबाईच्या जिभेवर हे सगळं आलं. तिथेच थांबलं.

"कुणाचं काय सांगावं," ती म्हणाली.

निजामभाईनं खिशातून एक पांढरी टोपी काढली. जाळीची, विरलेली, पण धुऊन स्वच्छ. "नमाजाची हाय, जुनी झाली," तो म्हणाला. मांडवाच्या टोकाला एक घोस अजून शाबूत होता. त्यानं तो अलगद टोपीत घेतला आणि टोपीचं तोंड सुतळीनं देठाशी बांधलं. "आता बघतो कोण हात लावतंय. हिला हात लावला, तर अल्ला बघतोय आणि मीबी बघतोय. शनवारी साहेबाम्होरं सोडीन."

तो गेला. कुसाबाई टोपीकडे बघत राहिली. शुक्रवारी दुपारी रंगूबाई पहाऱ्यावरच पेंगायला लागली. कुसाबाई उठली. सुतळीची गाठ साधी होती, एका ओढीत सुटली असती. तिनं हात वर नेला. टोपीच्या जाळीतून आतले मणी दिसत होते. काही फुटले होते, बारीक केसर बाहेर आले होते. निजामभाईच्या कपाळाचा घाम त्या टोपीनं वर्षानुवर्षं टिपला होता. वाळूच्या मयतीला हीच टोपी घालून तो खांद्याला लागला होता.

हात खाली आला. हिला हात लावायचा, तर आधी आंघोळ करावी लागेल, आणि आंघोळीनं हा अंगठा थोडाच धुतला जाणार?

"काय गं, काय करतीस?" रंगूबाई दचकून जागी झाली.

"काय न्हाय. माशा हाकलते."

शनिवारी सकाळी तात्या साहेबांना घेऊन आले. साहेबांचं आडनाव गायधनी. खाकी अर्धी विजार, डोक्यावर टोप, खिशात भिंग. माणूस तरुण आणि बोलका. तात्यांच्या बागेतून भोकरीच्या फुलांचा एक घोस त्यांनी हातात आणला होता.

"हीच का ती बदनाम वेल?" ते म्हणाले. "बाई, फुलं कुठायत?"

"टोपीत," निजामभाई म्हणाला.

"टोपीत?"

निजामभाईनं सुतळी सोडली, टोपी काढली. आतला घोस पुरता फुलला होता. गायधनी साहेब हसले. "वा! द्राक्षाच्या कळीलाही टोपी असते, ठाऊक आहे? ती गळून पडली की फूल उमललं. म्हणजे इथे टोपीत टोप्या!" त्यांनी डाव्या तळहातावर भोकरीचं फूल ठेवलं, उजव्या तळहातावर कुसाबाईच्या वेलीचं. "धरा भिंग. तात्या, तुम्हीच बघा."

तात्यांनी भिंग धरलं, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग दोन्ही मिटले.

"एक उघडा ठेवावा लागतो," साहेब म्हणाले. "डाव्या हातावर काय दिसतंय?"

"मधी एक गाठ हाय. भवती पाच तुरे. उभे."

"तुमची भोकरी. गाठ म्हणजे फळाचं पोट, तुरे म्हणजे नराचा भाग. दोन्ही एका फुलात. आता उजवीकडे?"

तात्या बघत राहिले.

"सांगा ना."

"गाठ हाय. पण तुरे..." तात्यांनी भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. "तुरे पडल्यात. खाली वाकल्यात."

"बघू बघू," म्हणत रंगूबाई कुंपणाच्या फटीतून आत आली आणि भिंगात डोकावली. "अगं बया! सासऱ्याम्होरं उभ्या असल्यागत माना खाली घातल्यात की!"

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "त्या वाकलेल्या तुऱ्यांतल्या धुळीत जीव नसतो. ही मादी वेल आहे. शेजारी दुसऱ्या वेलीची फुलं असल्याशिवाय ती नीटशी धरायची नाही. तात्या, ही तुमची भोकरी नाही."

तात्यांनी भिंगातला डोळा काढून वेलीच्या पानाकडे वळवला.

"पण पान?" तात्या म्हणाले. "पान तर तेच हाय!"

"पान आईचं घेतलंय. तुम्ही पपई लावता ना? तिच्यात नर झाड निराळं, मादी निराळं. रानातली द्राक्षं तशीच. इराणच्या पलीकडे कॉकेशसचे डोंगर आहेत, तिथल्या जंगलात द्राक्षवेली झाडांवर चढलेल्या असतात. नर वेगळी, मादी वेगळी. विद्वानांचा कयास असा, की हजारो वर्षांपूर्वी तिकडेच कुणाला तरी एक न्यारी वेल सापडली. एकाच फुलात दोन्ही. एकटी असली तरी घडांनी लगडलेली. आता सांगा, त्या माणसानं काय केलं असेल?"

"बी नेऊन पेरलं आसंल," तात्या म्हणाले.

"पेरलंही असेल एखाद्यानं, आणि फसला असेल. द्राक्षाच्या बियाचा भरवसा नाही. एखादं आईसारखं निघतं, एखादं मागे मागे जाऊन रानातल्या पणजीसारखं निघतं. ज्याला तीच वेल हवी होती, त्यानं काडी मोडून नेली. काडी म्हणजे लेक नव्हे, तीच वेल. त्या काडीची काडी, तिची पुन्हा काडी. गावोगाव, देशोदेशी. तुमच्या बागेत हजार वेली असतील, तात्या, पण भोकरी एकच आहे. तिचेच हजार तुकडे. काडी लावलीत, तर भोकरीची भोकरीच येते, तिचे तुरे कधी असे माना टाकणार नाहीत. आणि असली मादी वेल कुठला बागवान आपल्या बागेत ठेवतो, की तिची काडी कुणी चोरून आणावी?"

"म्हणजे?" निजामभाईनं विचारलं. त्याला कळलं होतं; पण साहेबाच्या तोंडून, तात्यांसमोर, मोठ्यानं हवं होतं.

"म्हणजे बियाची. शंकाच नको. भोकरीच्याच बियाची. एखाद्या पाखरानं घड टाकला असेल. पोपट हे काम फार करतात."

कुसाबाई मागच्या पांगाऱ्याला टेकली.

पोपटसुद्धा! ती जोडवी करडाची निघाली, हत्ती खोटा निघाला, समुद्र खोटा निघाला. पण हा पोपट खरा होता. हिरवागार होता. आईच्यान म्हणाला होता. आणि तिनं काय म्हटलं? हूं.

"मग बी माझं!" तात्या एकदम म्हणाले. माणूस पडला तरी मुठीत माती घेऊन उठणारा. "दाणा माझ्या बागेतला, तर बी माझंच झालं की नाय, साहेब?"

"पोपटावर फिर्याद करा, तात्या," निजामभाई म्हणाला.

"निजाम, तू मधी बोलू नगंस!"

"बोलणार. लय दिस गप्प बसलो. साहेब, यांची भोकरी कुठनं आली, इचारा. यांच्या वडलांनी दौलताबादेहून आणली. माझे अब्बा त्या गाडीत शेजारी बसले व्हते. काड्या कुठं व्हत्या, सांगू? पागोट्यात! तिथल्या मालकानं भारा तपासला, धोतराचा सोगा तपासला. पागोट्याला हात कोण लावणार?"

तात्यांचा हात नकळत स्वतःच्या पागोट्याकडे गेला. रंगूबाई फिसकन हसली. साहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"जाऊ द्या," साहेब म्हणाले. "तो रानातला पहिला काडीवाला तरी कुणाला विचारून गेला होता? बाई, तुमची वेल वांझ नाही हं. पुढच्या कार्तिकात भोकरीचा फुललेला घोस हिच्या फुलांवर नुसता झटका. घड धरतील. कसे लागतील ते मलाही बघायचंय. काय तात्या, एक घोस द्याल ना?"

तात्या पांगाऱ्याच्या काट्यांकडे बघत म्हणाले, "घोसाचं काय एवढं. नेऊ दे."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. वाळू सुटला होता. काम सुटणार नव्हतं. निजामभाईचे डोळे भरले होते. पण साहेब शास्त्राचा माणूस. त्यांनी जाता जाता मांडवाखाली मान घातली आणि भिंग एका बोडक्या देठावर धरलं.

"हे काय? तात्या, तुम्ही तर म्हणालात फुलोरा गळतो. हा गळलेला नाही. खुडलाय. हाही. हाही! हे बघा, नखाची खूण. सगळे घोस कुणीतरी मुद्दाम काढलेत."

"मी नाय हं!" तात्या म्हणाले. "मला तर घड धरायला हवा व्हता."

"मी सांगतो कोण," निजामभाई म्हणाला आणि वळला. "रंगू. तूच."

"मी?"

"तूच. पहाऱ्याच्या नावाखाली दिसभर इथं कोण बसत व्हतं? टोपी बांधली म्हणून हा एक वाचला, न्हायतर हाबी गेला असता!"

"माझे हात झडतील, निजामभाई!" रंगूबाईचा आवाज चिरकला. आता ती हसत नव्हती. "मी राखण केली, हसले, बोलले, ते सगळं खरं. पण एका मण्याला नख लावलं नाय. वाळूभावजींना मी माझ्या हातानं पेज पाजली, त्यांच्या वेलीला मी नख लावीन व्हय?"

"मग वाऱ्यानं खुडलं?"

"मला काय ठावं!" ती तात्यांकडे बघायला लागली, तात्यांनी खांदे उडवले. साहेबांकडे बघितलं, ते भिंग खिशात ठेवत होते. मग ती कुसाबाईपाशी आली आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"कुसा, तू सांग. तू तर इथंच असतीस. सांग ना यांना, मी खुडलं? तुला तरी तसं वाटतं व्हय गं?"

सगळे कुसाबाईकडे बघायला लागले.

कुसाबाईनं निजामभाईच्या हातातली टोपी घेतली. तिच्यावर पडलेला फुलांचा केर फुंकून टाकला, टोपीची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली. उजवा अंगठा वर होता. नखापासून पेरापर्यंत काळा.

निजामभाईनं टोपी घ्यायला हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला. त्यानं अंगठ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. "कुसाबाई?" तो म्हणाला.

"कुसा, बोल की गं!" रंगूबाई म्हणाली.

कुसाबाईनं टोपी त्याच्या हातावर ठेवली. पांगाऱ्याला टेकताना तिचा अंबाडा काट्यात अडकून सुटला होता, केस पाठीवर आले होते. ते बांधायला ती थांबली नाही. कुंपणाच्या फटीतून बाहेर पडली आणि काळा अंगठा पदरानं चोळत गंगेच्या वाटेला लागली.